वयाची उसनवारी

१९६२ साली ‘द मंचुरियन कँडिडेट’ हा चित्रपट आला. राजकीय कटाची गोष्ट, आणि त्या कटाच्या मध्यभागी एक आई. पोटच्या पोराचं हत्यार करायला न कचरणारी. आईचं काम अँजेला लान्सबरीने केलं होतं आणि पोराचं लॉरेन्स हार्वीने. पडद्यावर बघताना दोघांच्या नात्याबद्दल तिळभर शंका येत नाही. मग कधीतरी जन्मसालं बघायची बुद्धी होते. आई १९२५ची. मुलगा १९२८चा.

तीन वर्षांचं अंतर! बरं, हे एकदाच घडलं असंही नाही. आदल्या वर्षी ‘ब्लू हवाई’त ती एल्व्हिस प्रेस्लीची आई होती, ती पस्तीस वर्षांची, एल्व्हिस सव्वीसचा. त्याच्याही आदल्या वर्षी ब्रॉडवेवर ‘अ टेस्ट ऑफ हनी’ नाटकात ती जोन प्लोराइटची आई झाली, आणि प्लोराइट तिच्याहून चारच वर्षांनी धाकटी. असं मागे मागे जात १९४८च्या ‘स्टेट ऑफ द युनियन’पर्यंत पोचलं तर तिथे जेमतेम बाविशीतली अँजेला भेटते. चाळिशी ओलांडलेली वृत्तपत्रमालकीण झालेली, आणि स्पेन्सर ट्रेसीसारख्या मुरलेल्या नटाला सहज खेळवणारी.

वयाशी असा खेळ आपल्या रंगभूमीलाही नवा नाही, फक्त आपल्याकडे तो उलट्या दिशेने झाला. बालगंधर्वांनी पन्नाशी उलटल्यावरही तरुण नायिका उभ्या केल्या, आणि लोकांनी त्या मानल्या. गेलेलं तारुण्य सुरांच्या जोरावर परत आणणं आपण ऐकून आहोत. न आलेलं म्हातारपण आधीच आणून बसवणं मात्र मला जास्त चक्रावून टाकतं. नटीचा धंदा चाळिशीला संपतो असं ज्या हॉलिवूडमध्ये उघड बोललं जायचं, तिथल्या या बाईचा खरा धंदा चाळिसाव्या वर्षी सुरू झाला. तोही गाण्या-नाचण्याच्या रंगभूमीवर. आणि घराघरांत तिचं नाव पोचलं ते साठीच्या उंबरठ्यावर, दूरचित्रवाणीमुळे.

हे कसं जमलं असेल?

अँजेलाचा जन्म लंडनचा. आई मोयना मॅकगिल ही बेलफास्टची नटी. वडील लाकडाचे व्यापारी आणि डाव्या राजकारणातले, काही काळ पॉपलरचे महापौर. आजोबा जॉर्ज लान्सबरी तर ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते. १९१८-१९मध्ये लोकमान्य टिळक लंडनला राहून ज्या पक्षाशी संबंध जोडत होते, तोच हा पक्ष. आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू उघडपणे घेणाऱ्या मोजक्या ब्रिटिश पुढाऱ्यांमध्ये या आजोबांचं नाव होतं. भाषण ठोकणारा आजोबा आणि नाटकात काम करणारी आई, असं ते घर. मुलगी नऊ वर्षांची असताना वडील गेले. १९४०मध्ये लंडनवर बॉम्बचं सावट आलं तेव्हा आई तिन्ही लेकरांना घेऊन बोटीने अटलांटिकपार निघून गेली.

न्यूयॉर्कमध्ये नाट्यशिक्षण झालं, आणि मग आली पहिली कमाई. माँट्रियलच्या एका नाइट क्लबात नोएल कॉवर्डची गाणी म्हणायची. वय सोळा. सांगितलं एकोणीस. वयाची उसनवारी सुरू झाली ती इथून, आणि तीही गाण्यासाठी. पुढच्या आयुष्याचं सगळं बी त्या एका थापेत होतं, असं म्हणायचा मोह होतो.

लॉस एंजलिसमध्ये एका मोठ्या दुकानात नोकरी करत असताना एमजीएम स्टुडिओत तिची चाचणी झाली आणि ‘गॅसलाइट’मधली उद्धट मोलकरीण तिच्या वाट्याला आली. समोर इन्ग्रिड बर्गमन. एका प्रसंगात या मोलकरणीने मालकिणीच्या देखत सिगरेट पेटवायची होती. पण अँजेला अजून सतरा वर्षांची. अल्पवयीन मुलगी कॅमेऱ्यासमोर सिगरेट ओढणार कशी? म्हणून तो प्रसंग तिच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत राखून ठेवला. वाढदिवस साजरा झाला आणि सिगरेट पेटली. पहिल्याच चित्रपटाला ऑस्करचं नामांकन, पाठोपाठ ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ला दुसरं. आता ही मोठी नायिका होणार असं कुणालाही वाटलं असतं.

झाली नाही. तेव्हाची स्टुडिओ पद्धत अशी होती की नट सात सात वर्षांच्या करारावर बांधलेले असायचे, आणि कुणी काय करायचं ते स्टुडिओ ठरवणार. एमजीएमकडे सुंदऱ्यांची रांग होती. अँजेलाचा चेहरा रुंद, डोळे मोठे आणि किंचित थकल्यासारखे, आवाजात वजन. असा चेहरा नायिकेला नको, पण नायिकेच्या वाटेत आडवी येणारी हवी असेल तर चालेल. मग खलनायिका, सवती, आया, मालकिणी. हे सगळं समजण्यासारखं आहे. समजत नाही ती एकच गोष्ट. १९४६च्या ‘द हार्वी गर्ल्स’ या संगीतपटात तिला सलूनमधल्या गायिकेचं काम दिलं, आणि तिचं गाणं दुसऱ्याच बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं! जिला पुढे रंगभूमीच्या गाण्यासाठी टोनी पारितोषिकांवर टोनी पारितोषिकं मिळणार होती, तिला स्टुडिओने सांगितलं की तू फक्त ओठ हलव. आपल्या हातात काय आहे हे ज्यांना कळत नाही अशांच्या हाती कारभार असणं ही काही फक्त आपल्याकडचीच गंमत नाही.

पण या दुय्यम कामांनी तिला एक गोष्ट फुकट शिकवली. कॅमेरा जवळ आला की पांढरे केस आणि पावडरीच्या सुरकुत्या उघड्या पडतात. वय त्यांनी येत नाही. ‘मंचुरियन कँडिडेट’मध्ये ती काय करते ते बघण्यासारखं आहे. कुठलीही हालचाल घाईने नाही. मान वळायच्या आधी डोळे वळतात. वाक्याच्या शेवटी आवाज वर जात नाही, खाली येऊन बसतो, जणू उत्तराची वाट बघायची गरजच नाही. तरुण माणूस समोरच्याकडून काहीतरी मिळण्याची आशा धरून बोलतो. या आईला कुणाकडूनच काही मिळायचं राहिलेलं नाही. वय तिथून येतं. तिसरं नामांकन याच कामाला मिळालं, आणि पारितोषिक तिसऱ्यांदाही हुकलं.

इथे ब्रॉडवेच्या म्युझिकलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या संगीत नाटकाची कल्पना डोळ्यांसमोर ठेवली तर घोटाळा होतो. आपल्याकडे गायक नटाने पद घेतलं की नाटक आदबीने थांबतं. आलाप, ताना, वन्स मोअर. तेच पद आज सात मिनिटं तर उद्या पंधरा. ब्रॉडवेला हे सुख नाही. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात वाद्यवृंद बसलेला, त्याच्या संचालकाची काठी हललेली, मागचे नर्तक मात्रा मोजतायत, दिवे मात्रेवर बदलतायत. गाणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेलं. आणि हे आठवड्याला आठ वेळा. सहा दिवसांत आठ प्रयोग, म्हणजे दोन दिवस दुपारी एक आणि रात्री एक. घसा बसला, पाय मुरगळला, तरी मात्रा तीच. या चौकटीत राहून आजच्या प्रेक्षकाला सगळं आत्ताच सुचल्यासारखं वाटायला लावायचं, ही या कलेची खरी कसोटी.

अँजेलाची पहिली म्युझिकल होती १९६४ची ‘एनीवन कॅन व्हिसल’. संगीत आणि गीतं स्टीफन सॉन्डहाइमची. गावच्या भ्रष्ट महिला महापौराचं काम तिला होतं. (आजोबांना हे आवडलं असतं का, कोण जाणे.) नऊ प्रयोगांत नाटक बंद पडलं. पण त्या नऊ रात्रींत दोन माणसांची ओळख झाली ती कायमची.

दोन वर्षांनी जेरी हर्मनची ‘मेम’ उभी राहत होती. ही मेम म्हणजे न्यूयॉर्कमधली एक बेबंद, उधळी, जिवाला जीव देणारी आत्या, जिच्या घरी अनाथ भाचा येऊन पडतो. हे काम आधी रोझलिंड रसेलने रंगभूमीवर आणि पडद्यावर गाजवलं होतं, त्यामुळे निर्मात्यांना मोठं नाव हवं होतं. हर्मनला मात्र अँजेला हवी होती. चाचण्यांवर चाचण्या झाल्या, होकार येईना; शेवटी तिनेच हो की नाही ते सांगून टाका म्हणून निर्वाणीचं विचारलं. २४ मे १९६६ला विंटर गार्डन थिएटरात पडदा उघडला. हॉलिवूडने पंधरा वर्षं जिला खडूस आया करायला लावलं, ती चाळीस वर्षांची बाई जिन्यावरून सोनेरी पेहरावात उतरली, आणि अडीच-तीन तासांत विसाच्या वर पोशाख बदलत गायली, नाचली, घसरगुंडी खेळावी तशी एका रसातून दुसऱ्या रसात गेली. नाटकाचे एकूण १५०८ प्रयोग झाले. पहिली दीड वर्षाहून जास्त मुदत तिने ओढली आणि पहिलं टोनी घेतलं. पुढे ‘मेम’वर चित्रपट काढायची वेळ आली तेव्हा हॉलिवूडने काय केलं असेल? ल्युसिल बॉलला घेतलं. १९७४चा तो चित्रपट आज फारसं कुणी आठवत नाही.

रंगमंचावरच्या ‘मेम’नंतर तीनच वर्षांत, ‘डिअर वर्ल्ड’मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी ती पॅरिसमधली विक्षिप्त म्हातारी झाली. नाटक फार चाललं नाही, टोनी मात्र मिळालं. मग आयुष्याने झोडपलं. मलिबूचं घर आगीत गेलं, मुलं अमली पदार्थांच्या विळख्यात सापडली. हातातली कामं बाजूला सारून ती आणि नवरा पीटर शॉ मुलांना घेऊन आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात राहायला गेले. मुलं सावरली. याबद्दल ती पुढे मोकळेपणाने बोलली, पण कधी भांडवल केलं नाही.

१९७३मध्ये लंडनला तिने ‘जिप्सी’ केलं, मग तेच ब्रॉडवेवर आणलं. मुलींना रंगमंचावर ढकलत नेणारी, स्वतःची राहून गेलेली हौस त्यांच्या अंगावर लादणारी रोझ ही यातली आई. शेवटी मुली दूर झाल्यावर रोझ रिकाम्या रंगमंचावर एकटी येते आणि आपणच तारका असल्यासारखी जीव तोडून गाते. गाणं संपतं, थिएटर टाळ्यांनी दुमदुमतं, नटी वाकून अभिवादन करते. इथपर्यंत नेहमीचंच. पण अँजेला वाकतच राहायची. टाळ्या ओसरल्या, थांबल्या, तरी ती वाकतेय, हसतेय, हात हलवतेय. शांततेत. आणि प्रेक्षकांच्या लक्षात यायचं की आपण टाळ्या दिल्या त्या लान्सबरीला. ही समोर वाकतेय ती रोझ, आणि तिला ऐकू येणाऱ्या टाळ्या तिच्या डोक्यातल्या आहेत. एका अभिवादनाने नटी आणि पात्र यांच्यातली भिंत अशी पाडायची की मागे उभं राहतं ते वेड. दिग्दर्शक आर्थर लॉरेंट्सने ते बसवलं होतं हे खरं, पण टाळ्या थांबल्यानंतरची ती काही सेकंदं हजारभर माणसांसमोर उभं राहायला जी छाती लागते, ती कुठलाही दिग्दर्शक देऊ शकत नाही. तिसरं टोनी.

आणि मग सॉन्डहाइम परत आला. ‘स्वीनी टॉड’. सूडाने पेटलेला लंडनचा न्हावी गिऱ्हाइकांचे गळे कापतो, आणि खाली दुकान चालवणारी मिसेस लव्हेट त्या मांसाचे पाय करून विकते. पाय म्हणजे पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. असल्या विषयावर गाण्यांचं नाटक, तेही विनोदी! नाटकाला नाव न्हाव्याचं, मग मी का करू, अशी तिची सुरुवातीची कुरकुर होती म्हणतात. सॉन्डहाइमने लव्हेटसाठी जे पहिलं गाणं रचलं ते ऐकल्यावर ती कुरकुर टिकणं शक्य नव्हतं.

त्या गाण्याची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. दुकानात कित्येक दिवसांनी एक गिऱ्हाईक आलंय. बाई त्याला जाऊ देत नाही आणि आपले पाय किती भिकार आहेत ते स्वतःच सांगत सुटते. सांगता सांगता पीठ आपटतेय, लाटणं फिरवतेय, किडा दिसला की हाणतेय, जुन्या पायवरची धूळ झाडतेय. यातली प्रत्येक आपट, प्रत्येक फटका संगीताच्या मात्रेवर बांधलेला. म्हणजे नटीचे हात हे वाद्यवृंदातलं तालवाद्यच. वाक्य तोडून मधे फटका, फटक्यावर श्वास, श्वासानंतर भलत्याच जागेवरून पुढचा शब्द. एक हात अर्धी मात्रा चुकला तर गाणं कोसळलं. आणि हे सगळं लंडनच्या पूर्व भागातल्या कष्टकऱ्यांच्या बोलीत. आजोबांच्या मतदारसंघातली ती बोली, अँजेलाच्या कानावरून लहानपणी गेलेली. जुन्या इंग्रजी म्युझिक हॉलमधल्या चहाटळ गायिकांचा वारसा तिच्या लव्हेटमध्ये उघड दिसतो. खून करणाऱ्याला हसतखेळत मदत करणारी ही बाई भयानक आहे, हे प्रेक्षकाला घरी गेल्यावर जाणवतं. थिएटरात तो हसतच असतो.

१ मार्च १९७९ला यूरिस थिएटरात प्रयोग सुरू झाले, ५५७ झाले. चौथं टोनी. दौऱ्यावरचा एक प्रयोग लॉस एंजलिसमध्ये चित्रित होऊन दूरचित्रवाणीवर आला, म्हणून आपण तो आज बघू शकतो. ज्यांनी बघितला नसेल त्यांचा मला हेवा वाटतो, त्यांना तो पहिल्यांदा बघायचाय.

१९८३मध्ये ‘मेम’ पुन्हा रंगमंचावर आली, त्याच यूरिसमध्ये, ज्याचं नाव आता गर्श्विन झालं होतं. या वेळी दीड महिन्याच्या आत गाशा गुंडाळावा लागला. नाटकवाल्यांना तेव्हा दूरचित्रवाणीची मालिका म्हणजे पायरी उतरणं वाटायचं. अँजेलाने पुढच्या वर्षी ती पायरी उतरली.

‘मर्डर, शी रोट’चं काम आधी जीन स्टेपलटनला विचारलं होतं, तिने नाही म्हटलं. जेसिका फ्लेचर ही निवृत्त इंग्रजी शिक्षिका, विधवा, मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या किनाऱ्यावरच्या गावात राहणारी. हौसेने रहस्यकथा लिहिते, आणि जाईल तिथे खून होतो. तिच्याकडे पिस्तूल नाही, गाडी चालवत नाही, सायकल फिरवते. प्रेमप्रकरण जवळजवळ नाहीच. अमेरिकन वाहिनीवर रविवारी रात्री आठला अशी नायिका! ३० सप्टेंबर १९८४ला मालिका सुरू झाली, बारा वर्षं चालली, २६४ भाग झाले. मेनमधलं हे गाव चित्रित व्हायचं दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोत. एवढ्याशा गावात इतके मुडदे पडले की तो पुढे विनोदाचाच विषय झाला.

आकड्यांची एक मजा करून बघू. विंटर गार्डनमध्ये सुमारे दीड हजार खुर्च्या. आठ प्रयोग हाउसफुल्ल धरले तरी आठवड्याला बारा हजार माणसं. मालिकेच्या बहराच्या काळात एका रविवारी ती बघणारी माणसं अडीच कोटींच्या वर. म्हणजे त्या एका रात्रीइतके प्रेक्षक ‘मेम’मधून गाठायचे तर अँजेलाला एकही सुट्टी न घेता चाळीस वर्षं नाचावं लागलं असतं.

पण मला खरं नवल वाटतं ते दोन कामांच्या उलटेपणाचं. रंगभूमीवर शब्द तेच राहतात आणि त्यांत राहणारं माणूस रोज थोडं खोल जातं. मालिकेत दर आठवड्याला शब्द नवे, गाव नवं, मुडदा नवा, आणि माणूस मात्र तसूभर हलता कामा नये. बारा वर्षं! वर्षाला सरासरी बावीस भाग. लव्हेटचे हातवारे, मेमचा जिना, रोझचा आक्रोश हे सगळं तिने बाजूला ठेवलं आणि फक्त ऐकायला सुरुवात केली. जेसिका बोलते त्याहून ऐकते जास्त. प्रत्येक भागात एक क्षण येतो. कुणीतरी सहज काहीतरी बोलून जातं, जेसिका मान डोलावते, मान डोलावता डोलावता थबकते, डोळे दूर कुठेतरी जातात, आणि आपल्याला कळतं की खुनी सापडला. बघणाऱ्याला अजून नाव माहीत नसतं, तरी सुटल्याचा आनंद होतो. हा थांबा किती लांब ठेवायचा ते तिला अचूक ठाऊक असायचं. मला त्यात गाणारी बाई दिसते. दोन शब्दांमधली रिकामी मात्रा शब्दाइतकीच मोजून सोडायची असते, हे जिने सॉन्डहाइमच्या गाण्यात वर्षभर रोज केलं, तिला कॅमेऱ्यासमोर अर्ध्या सेकंदाचा हिशेब कठीण जाणार नव्हता.

पुढे मालिकेची सूत्रंही तिच्या हातात आली. मुलगा भाग दिग्दर्शित करत होता, भाऊ निर्मितीत होता. आणि पाहुण्या कलाकारांच्या यादीत जुन्या हॉलिवूडमधली विसरली गेलेली नावं दिसायला लागली. हे नुसतं सौजन्य नव्हतं. अमेरिकेत नटांच्या संघटनेचा आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन किती काम केलं यावर ठरतं. म्हाताऱ्या नटाला एका भागातलं छोटं काम मिळणं म्हणजे औषधपाण्याची सोय होणं. यातला सगळ्यात अचाट भाग १९८७चा. १९४९च्या ‘स्ट्रेंज बार्गेन’ या चित्रपटातली खुनाची गोष्ट अडतीस वर्षांनी पुढे चालू केली, त्याच तीन नटांना त्याच भूमिकांत परत आणून, आणि जुन्या चित्रपटातले तुकडे त्यांच्या आठवणी म्हणून वापरून. रंगभूषेचा विषयच आला नाही. वय खरंच झालेलं होतं, ते फक्त कॅमेऱ्यासमोर आणून बसवायचं होतं. वयाच्या कामात हयात गेलेल्या बाईच्या मालिकेत हे घडावं, यात मला योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं.

या मालिकेसाठी तिला बाराही वर्षं एमीचं नामांकन मिळालं. पारितोषिक एकदाही नाही. इतर कामांची नामांकनं मिळून संख्या अठरा झाली, आणि तरीही पाटी कोरीच. शेवटच्या वर्षी वाहिनीने मालिका रविवारवरून गुरुवारी, ‘फ्रेंड्स’च्या समोर नेऊन ठेवली. तरुण प्रेक्षक हवे होते. मालिका बुडाली, पण जाता जाता ‘मर्डर अमंग फ्रेंड्स’ नावाचा एक भाग करून गेली, ज्यात तरुण दोस्तांच्या एका लोकप्रिय मालिकेच्या सेटवर खून होतो.

मधे १९९१मध्ये डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधल्या मिसेस पॉट्स या चहाच्या किटलीला तिने आवाज दिला. शीर्षकगीत आपल्याला झेपणार नाही, दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घ्या, असं तिचं म्हणणं होतं. निदान एकदा म्हणून ठेवा, असा आग्रह झाला. त्या दिवशी विमानाला बॉम्बच्या धमकीमुळे उशीर झाला, ती थकून न्यूयॉर्कला पोचली, एकदा गायली, आणि तेच चित्रपटात गेलं. गाण्याला ऑस्कर मिळालं. ओठ हलवायला सांगणारे तोवर हयात होते की नाही, माहीत नाही.

मालिका संपली त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने सीबीएसवर ‘मिसेस सँटा क्लॉज’ केली, खास दूरचित्रवाणीसाठी रचलेली म्युझिकल. संगीत ‘मेम’च्या जेरी हर्मनचं. मग नवऱ्याचं आजारपण आणि निधन. ब्रॉडवेवर ती परतली २००७ साली, चोवीस वर्षांनी, ऐंशी ओलांडून. २००९मध्ये नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइथ स्पिरिट’मधली मृतात्मे बोलावणारी मादाम आर्काती केली, समाधी लागण्याआधी ही म्हातारी झटके देत जो भन्नाट नाच करायची त्यासाठी लोक तिकिटं काढत होते. पाचवं टोनी, त्र्याऐंशीव्या वर्षी. त्याच वर्षाच्या शेवटी सॉन्डहाइमच्या ‘अ लिटल नाइट म्युझिक’मध्ये चाकाच्या खुर्चीतून जगाकडे तुच्छतेने बघणारी माजी गणिका. म्हाताऱ्या बाईचं काम, आणि या खेपेला तेवढ्याच वयाची नटी. तोवरच्या हिशेबात असं फार वेळा झालं नव्हतं. २०१३मध्ये सन्मानाचं ऑस्कर आलं. २०१४मध्ये तीच आर्काती तिने लंडनला केली, आणि पुढच्या वर्षी एकोणनव्वदाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं ऑलिव्हिए पारितोषिक घेतलं.

११ ऑक्टोबर २०२२ला ती गेली, सत्त्याण्णव पूर्ण व्हायला पाच दिवस असताना. त्यानंतर काही आठवड्यांनी ‘ग्लास अनियन’ हा रहस्यपट आला. त्यात डॅनियल क्रेगचा कंटाळलेला गुप्तहेर आंघोळीच्या टबात बसून संगणकावर मित्रांशी खेळतोय. एका चौकटीत बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार आहे, एकीत नताशा लिऑन. उरलेल्या दोघांत एक अँजेला लान्सबरी आणि दुसरा स्टीफन सॉन्डहाइम, जो आदल्या वर्षीच वारला होता. खेळाचं नाव ‘अमंग अस’. आपल्यातला खुनी कोण ते ओळखायचं असतं. गुप्तहेर हरतो.